उकळलेले पाणी पुरेसे नाही

पावसाळी आजारांबाबत पालिकेने दिलेल्या सूचनांची बातमी वाचली. पाणी उकळून प्या, डास होऊ देऊ नका, हे ठीकच. पण लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे होणारा आजार त्याने टळत नाही. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात आलेले हे जिवाणू पायावरच्या जखमेतून, साध्या खरचटण्यातूनही शरीरात शिरतात आणि रक्तावाटे यकृत, मूत्रपिंडापर्यंत पोहोचतात. जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईने हे भोगले आहे. लक्षणे दिसायला बहुधा आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर आपण कुठल्या पाण्यातून चाललो, हे कोणाला आठवते? म्हणून साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर पहिल्या ७२ तासांतच आरोग्यसेविकांनी सखल वस्त्यांत घरोघरी जाऊन, तपासून, डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक द्यावे. नालेसफाईच्या कंत्राटी कामगारांना गमबूट तर पावसाआधीच हवेत. अनेकांच्या पायात अजून चपलाच दिसतात.

– एक वाचक, कुर्ला, मुंबई