ऐझॉल कोल्हापूरच्या निम्मे आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महानगरांच्या क्लबांपुढे छोट्या शहरांच्या फुटबॉल संघांचा निभाव लागणे शक्य नाही, असा निष्कर्ष काढणारा लेख कालच्या क्रीडा पानावर वाचला. लेखकांनी मेहनत घेतली आहे, ते मान्य. पण अख्ख्या लेखात २०१७ सालच्या आय-लीगचा, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल फुटबॉल लीगचा, उल्लेख नाही. ते साल सोडून भारतात या विषयावर निकाल द्यायचा, हे काही पटले नाही.

आधी ‘छोटे’ म्हणजे किती ते बघू. २०११ च्या जनगणनेत मिझोरामच्या राजधानीचे ऐझॉल शहर २ लाख ९३ हजारांचे आणि कोल्हापूर ५ लाख ४९ हजारांचे. आपल्या जेमतेम निम्मे गाव, डोंगराच्या धारेवर वसलेले, सपाट जागेची कायमची टंचाई. त्या गावाच्या ऐझॉल एफसीने ३० एप्रिल २०१७ रोजी देशाचे जेतेपद घेतले. १८ सामन्यांत ११ विजय, ४ बरोबरी, ३ पराभव, ३७ गुण. कोलकात्याचा मोहन बागान ३६ वर थांबला. ईस्ट बंगाल, बंगळूरु एफसी त्याहून खाली.

आणि हा संघ त्या हंगामात खेळणारच नव्हता. २०१५-१६ मध्ये नऊ संघांत तो आठवा आला. तळाला पुण्याचा डीएसके शिवाजियन्स होता, पण त्याला थेट प्रवेशाच्या नियमामुळे पदावनतीतून सूट होती. म्हणून शेवटून दुसरा आलेला ऐझॉल खाली ढकलला गेला. पुढे गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली, जागा रिकामी झाली आणि ऐझॉलला परत बोलावले. ज्या पुणे-मुंबईच्या ताकदीचे लेखात गोडवे आहेत, तिथले काय झाले तेही लिहायला हवे होते. ऐझॉल जिंकला त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला आणि त्यानंतर मुंबई एफसी व डीएसके शिवाजियन्स दोन्ही बंद पडले. ऐझॉल पुढेही वर्षानुवर्षे आय-लीग खेळत राहिला.

हे नशिबाने झाले असे म्हणणाऱ्यांनी त्या हंगामाचे वेळापत्रक काढून बघावे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून एप्रिलअखेरपर्यंत १८ सामने, म्हणजे आठवड्याला साधारण एक. एवढ्या सामन्यांना सोळा-सतरा तंदुरुस्त खेळाडू पुरतात. बागान आणि बंगळूरु त्याच महिन्यांत एएफसी कप या आशियाई क्लब स्पर्धेचे सामनेही खेळत होते. मालदीवचा दौरा करून परतायचे, की पुन्हा लीग. मोठ्या क्लबाची खेळाडूंची लांबलचक यादी इथे कामी यायला हवी, पण पहिले अकरा आणि पुढचे सात यांच्यात दर्जाची दरी असली की कोच तेच अकरा पुन्हा उतरवतो आणि साठाव्या मिनिटानंतर पाय बोलायला लागतात.

दुसरे कारण मैदान. ऐझॉलमधल्या मुआलपुईचे राजीव गांधी स्टेडियम कृत्रिम टर्फचे. त्यावर चेंडू जलद सरकतो, उसळी एकसारखी येते, पावसाने चिखल होत नाही. मिझो पोरे लहानपणापासून अशाच पृष्ठभागावर खेळतात. त्यांचा पहिला स्पर्शच त्या वेगाला जुळलेला असतो. गवतावरचा संघ तिथे गेला की पहिली वीस मिनिटे त्याचे पास पुढच्या माणसाच्या पुढून निघून जातात. २२ एप्रिलला बागान तिथे आला आणि झोमिंगलियाना राल्टेच्या शेवटच्या दहा मिनिटांतल्या हेडरने १-० असा हरला. राल्टे हा बचावपटू. सेट पीसवर (कॉर्नर, फ्री किक) सेंटर बॅक वर पाठवायचा आणि गोल झाला की सगळी फळी मागे आणायची, ही आखणी सरावातून येते, पैशातून नाही. शेवटच्या दिवशी शिलाँगला लाजाँगविरुद्ध नवव्या मिनिटाला गोल खाऊनही संघ विस्कटला नाही. विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली, १-१ झाले, आणि तेवढे पुरेसे होते.

कोच कोण? खालिद जमील. सात वर्षे मुंबई एफसीत काढून तिथून बाहेर पडलेले. त्यांच्याबरोबर मुंबईचा जयेश राणे, मुंबई एफसीतूनच गेलेला आशुतोष मेहता, गोलात गोव्याचा आल्बिनो गोम्स. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान. बाकी गाभा मिझोरामचा, तिथल्या प्रीमियर लीगमधून वर आलेला. ती लीग २०१२ मध्ये स्थानिक केबल वाहिनीच्या पाठबळावर सुरू झाली. म्हणजे रस्त्यापलीकडच्या पोराचा सामना घरातला माणूस टीव्हीवर बघू लागला. हेच जमील २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. मुंबईला नको झालेला माणूस ऐझॉलने उचलला, एवढी साधी गोष्ट लेखकांच्या नजरेतून निसटावी याचे वाईट वाटते.

पुढच्या वर्षी मिनर्व्हा पंजाब विजेता आणि इंफाळचा नेरोका, आय-लीगमधल्या पहिल्याच हंगामात, उपविजेता. त्यानंतर चेन्नई सिटी, तोही कोइम्बतूरला घरचे मैदान करून. युरोपातले हवे असेल तर स्पेनचे व्हियारेआल घ्या. पन्नास हजारांच्या गावाने २०२१ मध्ये मँचेस्टर युनायटेडला हरवून युरोपा लीग जिंकली.

लेखातला एक मुद्दा मात्र खरा आहे, आणि लेखकांनी तो दोन ओळींत उरकला आहे. छोटा क्लब जिंकतो, पण संघ टिकवता येत नाही. जेतेपदानंतर जमील आणि अल-अमना ईस्ट बंगालला गेले, आघाडीचा बायी कामो बागानला, जयेश आणि आशुतोष एटीकेला. सगळे कोलकात्यात. आणि असे खेळाडू जाताना छोट्या क्लबाच्या हाती बहुधा काहीच पडत नाही.

का पडत नाही, हे आपल्या तालमींनी, म्हणजे पेठापेठांच्या फुटबॉल संघांनी, नीट समजून घ्यावे म्हणूनच हे पत्र. छोटा क्लब पैशाअभावी एका हंगामाचा करार करतो. करार संपला की खेळाडू मोकळा, बदलीची रक्कम शून्य. शिवाय फिफाच्या नियमानुसार कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबाशी पुढचा करार करू शकतो. म्हणजे एका वर्षाचा करार हा क्लबाच्या दृष्टीने निम्माच करार. उपाय अवघड नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाशी जास्तीत जास्त तीन वर्षांचा, त्यावरच्याशी पाच वर्षांपर्यंतचा करार करता येतो. ज्या तीन-चार पोरांवर भरवसा आहे त्यांच्याशी दोन-तीन वर्षांचे करार करायचे, मानधन दरवर्षी थोडे वाढते ठेवायचे आणि मुदत संपायच्या वर्षभर आधी नूतनीकरणाला बसायचे. मग मोठ्या क्लबाला न्यायचेच असेल तर त्याला पैसे मोजावे लागतात.

दुसरा हक्क बहुतेकांना ठाऊकच नसतो. खेळाडू करार चालू असताना रक्कम मोजून परदेशी क्लबाकडे गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे असतात. वय १२ ते १५ या प्रत्येक वर्षासाठी पाव टक्का, १६ ते २३ या प्रत्येक वर्षासाठी अर्धा टक्का. समजा पोरगा बाराव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत तुमच्या तालमीकडे होता. चार वर्षांचा एक टक्का, दोन वर्षांचा एक टक्का, मिळून दोन टक्के. एक कोटीच्या बदलीवर दोन लाख. दोन लाखांत कुमार गटाचे चेंडू, बूट आणि प्रवास भागतो.

पण हा पैसा मिळतो तो नोंदीवर. बाराव्या वर्षी मुलाची भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत क्लबाच्या नावाने नोंद नसेल, तर ती वर्षे कागदावर घडलेलीच नाहीत. इथेच आपण मार खातो. पेठेतले पोर आठव्या वर्षापासून तालमीच्या दारात चेंडू मारते आणि त्याचे नाव कागदावर येते ते सीनियर संघात घेताना. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरे असले की काम अडते ते वेगळेच. शाळा सुरू होण्याच्या वेळी, जूनमध्ये, दोन्ही कागद जुळवून घ्यावेत आणि सगळ्या मुलांची नोंदणी एकदम उरकावी. चार संध्याकाळींचे काम आहे.

त्याऐवजी आपल्याकडे हंगामापुरते बाहेरचे आणि परदेशी खेळाडू आणण्यावर पैसा जातो. शाहू स्टेडियम भरते, पेठ खूश होते. मे महिन्यात ते जातात आणि मागे काही उरत नाही. त्याच पैशात एका कुमार प्रशिक्षकाला वर्षभर ठेवता येईल आणि कृत्रिम टर्फवर आठवड्याला दोन सराव घेता येतील. कडक मातीवर वाढलेल्या मुलाला चेंडू उसळताच उंच मारायची सवय लागते. बाहेर निवडचाचणीला गेला की पहिल्या दहा मिनिटांत ती सवय दिसते आणि नाव कटते. अनिकेत जाधव कोल्हापूरचा, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला, पण घडला तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. गुणवत्ता आहे, सोय इथे नाही.

जाता जाता आपल्या वृत्तपत्राबद्दल. के.एस.ए. (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगच्या बातमीत प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीला चार कॉलम आणि सामन्याला एक परिच्छेद मिळतो. गोल करणाऱ्याचे नुसते आडनाव छापता. एकेका संघात तीन-तीन पाटील असतात, कुठल्या पाटलाने गोल केला हे त्याच्या आईलाही समजत नाही. गुणतक्ता तर शोधूनही सापडत नाही. प्रत्येक सामन्याखाली दोन्ही संघांचे अकरा, बदली खेळाडू, गोलचे मिनिट आणि पूर्ण नाव एवढे छापा. सहा ओळी लागतील. हंगाम सुरू होण्याआधी हा बदल व्हावा ही विनंती.

कळावे,
आपला नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर