बाई, तुम्ही अर्थ सांगितला नाहीत म्हणून

प्रिय बाई,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यात मला एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडत होतं. नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची 160 चौरस फुटांची खोली. कपाट सरकवलं की मागे दार, आणि दारापलीकडे भलीमोठी खोली. जमिनीवर ताटं मांडलेली, सगळी रिकामी. कुठेतरी नळ धो धो वाहतोय आणि मला भरायला भांडं सापडत नाही. दचकून जाग यायची तेव्हा साडेचार वाजलेले असायचे.

त्याच दिवसांत बाबांनी अंथरूण धरलं होतं. शेजारच्या काकूंनी सांगितलं, स्वप्नात रिकामं ताट दिसलं की घरातलं माणूस जातं. पहाटेचं स्वप्न खरं होतं हे तर आपण लहानपणापासून ऐकतो. मोबाईलवर शोधलं तर नवी खोली म्हणजे धनलाभ. ओळखीतल्या एकांनी शांत करून घ्यायचा सल्ला दिला, खर्चाचा आकडाही सांगितला. त्या पैशांसाठी बँकेत निघाले होते, आणि फाइव्ह गार्डनच्या बाकावर तुम्ही बसलेल्या दिसलात.

दहावीला तुम्ही आम्हाला मराठीच्या तासाला गाईड आणू दिलं नव्हतंत. रसग्रहण करायचं तर आधी कवितेतल्या शब्दापाशी थांबा, तो तुम्हाला कुठे भेटला होता ते आठवा, असं सांगायचात. त्या दिवशी माझं रडगाणं पूर्ण ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "सगळ्यांची गाईडं वाचून झाली ना? आता कविता वाच."

मग रीत सांगितलीत. उशाशी वही ठेवायची. जाग आल्यावर चूळसुद्धा भरायच्या आधी लिहायचं, कारण स्वप्न बघता बघता विरून जातं. 'पाहिलं' नाही, 'पाहते आहे' असं लिहायचं. मग एकेका वस्तूसमोर पहिली जी आठवण येईल ती, कितीही क्षुल्लक असली तरी. "ताट म्हणजे काय ते विचारू नकोस. हे ताट कुणाचं, ते विचार."

पहाटेची भीतीही तुम्हीच घालवलीत. झोपेची आवर्तनं साधारण दीड-दीड तासाची असतात. ज्या टप्प्यात मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, त्यातच सर्वांत ठळक स्वप्नं पडतात. हा टप्पा शास्त्रज्ञांनी 1953 साली नोंदवला. रात्र सरते तसा तो लांबत जातो, म्हणून पहाटे जाग आली की स्वप्न हातात सापडतं. चरकसंहितेतले स्वप्नांचे सात प्रकारही तुम्ही बोटांवर मोजून दाखवलेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक म्हणजे पुढचं सुचवणारं, आणि दोषज म्हणजे शरीरातल्या वात-पित्त-कफाच्या बिघाडातून पडणारं. त्यातल्या पहिल्या पाचांना फळ नसतं, असं चरकाने वैद्यांना बजावलं आहे. मी शांत केली नाही, ती त्या संध्याकाळी तुमच्याशी बोलले म्हणून.

नळाचं उत्तर आधी मिळालं. चाळीत पहाटे साडेचारला पाणी यायचं आणि आई माझं पांघरूण ओढून म्हणायची, "ऊठ, पाणी आलं." आई जाऊन अकरा वर्षं झाली. तो आवाज मी वहीत लिहिला आणि खूप वेळ तशीच बसून राहिले.

ताटांना मात्र तीन आठवडे लागले. मी लग्नाची पंगत लिहिली, श्राद्धाची पानं लिहिली, काहीच जुळेना. एका सकाळी नुसतं 'काठावर नाव' एवढंच लिहिलं आणि हात थांबला. आई गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. सहा जण आमच्याकडे जेवायचे, प्रत्येकाचं स्टीलचं ताट, काठावर नाव कोरलेलं. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला. काही महिन्यांत एकेक जण गावाकडे गेला, कुणी परत आला नाही. आईने ती ताटं कपाटात, मागच्या बाजूला ठेवली. "येतील तेव्हा लागतील," म्हणायची. पुढे कुणाला ती वापरूही दिली नाहीत.

पुनर्विकासासाठी खोली रिकामी केली तेव्हा ती सहाही ताटं मी भंगारात दिली, किलोवर. बाबांना विचारलं नाही. नंतर सांगितलंही नाही.

बाई, स्वप्नांचा अर्थ लावणाऱ्या मनोविश्लेषक फ्रॉइडबद्दलही तुमच्याशी बोलले होते. स्वप्नातल्या तुकड्यातुकड्याशी स्वप्न पाहणाऱ्याच्याच मनात काय जोडलेलं आहे ते विचारायचं, ही त्याची पद्धत मला तुमच्या शिकवण्यासारखीच वाटते. प्रत्येक स्वप्नात इच्छापूर्ती असते हे त्याचं म्हणणं मात्र पटत नाही. माझ्या स्वप्नात कुठली इच्छा शोधायची? मला तिथे आईने राखून ठेवलेलं कुणाचं तरी देणं दिसतं, आणि ते मी विकून टाकलेलं.

त्या रविवारी मी बाबांच्या पलंगाशी बसून सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि सहाही नावं घेतली, गावांसकट. कोण भाकरीशिवाय जेवायचा नाही, कोणाला आमटी तिखट लागायची, कोणाचे दोन महिन्यांचे पैसे राहिले होते आणि आईने ते कधी मागितले नाहीत. मी वहीत लिहून घेतलं. सध्या त्यांना रोज काहीतरी नवं आठवतं, कधी एखाद्याच्या बायकोचं नाव, कधी एसटीचा थांबा. बाबा अजून आहेत, थोडं चालतातही.

ते स्वप्न त्यानंतर एकदाच पडलं. नळ वाहत होता, ताटं नव्हती. त्या खोलीच्या कोपऱ्यात कुणीतरी पाठमोरं बसलं होतं, त्याच्यासमोर अजून काही लिहिलेलं नाही. शनिवारी वही घेऊन बाकावर येते. तुम्ही फक्त विचारत राहा.

तुमची,
दहावी 'ब' मधली विद्यार्थिनी