घेरियाचे चित्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आठ महिने तुला एक ओळही लिहिली नाही, याची टोचणी आहे. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. आज लिहायला बसलो, कारण एका चित्राने मनाची शांतता घालवली आहे आणि हे तुझ्याखेरीज कोणाला सांगणार?

चित्र आपल्या विजयदुर्गाचे, इंग्रजांच्या 'घेरिया'चे आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमाराने तुळाजी आंग्र्यांचा हा किल्ला घेतला, तो प्रसंग डॉमिनिक सेरेसने १७७१ मध्ये रंगवला. मूळ चित्र ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्यूझियमच्या संग्रहात आहे. मला नुसती छापील प्रत मिळाली, तरी मी अर्धी रात्र तिच्यासमोर बसून होतो. ज्या खाडीत तोफगोळ्याने एका जहाजाला लागलेली आग पसरत जाऊन आंग्र्यांचे सारे आरमार जळाले, त्या खाडीचे चित्र मला सुंदर वाटले, हे लिहिताना हात अडखळतो.

आणि हा सेरेस मुळात इंग्रज नव्हेच! तो फ्रान्समधल्या ओश गावचा. घरच्यांना त्याला धर्मगुरू करायचे होते, पण तो पळाला, दर्यावर गेला, क्यूबातल्या हवाना बंदराशी व्यापार करणाऱ्या जहाजाचा कप्तान झाला आणि इंग्रजांच्या हाती सापडून कैदी म्हणून इंग्लंडला पोहोचला, असे सांगतात. तेथेच राहून तो चित्रकार झाला. १७६८ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमी या कलासंस्थेच्या संस्थापक सदस्यांत त्याचे नाव आले आणि १७८० मध्ये तो राजा तिसऱ्या जॉर्जचा सागरी चित्रकार झाला. इंग्रजांनी १७६२ मध्ये हवाना जिंकले, तेही त्यानेच रंगवले. स्वतः जेथे माल उतरवला त्या बंदराचा पाडाव रंगवताना त्याला काय वाटले असेल?

आपण दोघे विजयदुर्गावर गेलो होतो, तेव्हा या लढाईत नानासाहेब पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती, असे मी बुरुजावर म्हणालो आणि तू परतीच्या एस्टीत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. माझे म्हणणे आजही तेच आहे. परंतु त्या दिवशी ते मी कोरडेपणाने बोललो. तुझ्या आजोबांनी जन्मभर त्या खाडीत होडी घातली होती, हे मी विसरलो.

मुलीचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार सांग.

प्रत सोबत पाठवत आहे. माझ्याच्याने ती भिंतीवर लावली गेली नाही, कपाटातही ठेववली नाही. तू पाहा आणि काय वाटते ते मोकळेपणाने लिही.

तुझाच,
जुना सोबती