पोस्टर रात्री तीनला जागं नसतं

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

दरवर्षी १ ते ७ ऑगस्टला जागतिक स्तनपान सप्ताह येतो. पोस्टरं लागतात, आईचं दूध म्हणजे अमृत अशी भाषणं होतात. त्यातलं काही खोटं नाही. जुलाब, न्यूमोनिया, कानाचे संसर्ग या बाळांना कमी होतात. आईलाही स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका कमी राहतो. हे सगळं वाचूनच मी बाळंतपणाला गेले होते. तरी तिसऱ्या रात्री रडत बसले.

पहिले दोन-तीन दिवस नुसता चीक येतो, तोही थेंबथेंब. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी मावतं तरी किती, छोटा चमचाभर! दूध भरून यायला दोन ते चार दिवस जातात, सिझेरियननंतर कधी त्याहून जास्त. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बाळ रात्रभर छातीला, स्तनाग्रांना चिरा, आणि ड्युटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "दूध पुरत नाहीये, पावडर मागवा."

पावडरचं दूध पिऊन बाळ झोपतं. झोपलं की ओढत नाही, आणि ओढलं नाही की दूध बनत नाही. ‘पुरत नाही’ म्हणता म्हणता ते खरंच पुरेनासं होतं.

माझी चूक अगदी साधी होती. बाळ फक्त स्तनाग्र धरत होतं. भोवतीचा काळसर भागही तोंडात जायला हवा. चौथ्या दिवशी दुसऱ्या एका सिस्टरनी शेजारी बसून, उशी सरकवून, बाळाची हनुवटी टेकवून दाखवलं. पाच मिनिटं लागली. (तेच चित्र भिंतीवर होतं. मी ते पाहिलंही होतं.)

म्हणून पहिली मागणी: प्रत्येक प्रसूती कक्षात, रात्रपाळीलासुद्धा, असं शेजारी बसणारं प्रशिक्षित माणूस द्या. १९८१ च्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार कंपन्यांनी आयांना पावडरचे फुकट नमुने द्यायचे नाहीत. ते वॉर्डात कुणी तपासतं का, तेही बघा.

सहा महिने फक्त आईचं दूध द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या करारात प्रसूती रजा आहे किमान १४ आठवड्यांची. उरलेल्या बारा आठवड्यांचं काय करायचं? कामाच्या ठिकाणी दूध काढायला कडी लागणारी खोली हवी, आणि कृपया त्यासाठी स्वच्छतागृह दाखवू नका.

काहींना औषधांमुळे, आजारामुळे पाजता येत नाही, काही जणी ठरवूनच पाजत नाहीत. त्यांना कुणी टोमणे मारू नयेत, एवढी ताकीद कर्मचाऱ्यांना द्या. ते ‘अमृत’ त्यांनाही वाचावं लागतं.

येत्या सप्ताहात एक भाषण कमी करा आणि एखाद्या प्रसूती कक्षात रात्री तीनला, न कळवता, जाऊन या.

आपली,
एक आई