बाबांच्या पायाची सोनोग्राफी

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर पायाचा विषय काढला की बाबा पावसापाण्यावर घसरतात, म्हणून लिहितेय.

दिवाळीत बाबांची एक चप्पल अंगणातच राहिली आणि ते तसेच फाटकापर्यंत गेले. सगळे हसलो. मीही हसले, आणि माझा दिवस सोनोग्राफीच्या खोलीत जातो! रात्री आई काशाच्या वाटीने त्यांच्या तळपायाला तूप चोळत होती, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. पायाची आग होते आणि चप्पल सुटलेली कळत नाही, ही दोन्ही गाऱ्हाणी चौदा वर्षांच्या साखरेने दुखावलेल्या नसांची असू शकतात. रक्ताच्या नव्हे, संवेदना नेणाऱ्या नसांची.

"सोनोग्राफी? मला काय दिवस गेलेत?" हे तुमचं वाक्य, बाबा, मी इथे सगळ्यांना ऐकवलं. पण खरंच, घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे जेल लावून प्रोब टेकवला की पडद्यावर धडधडणारी रोहिणी, म्हणजे रक्तवाहिनी, दिसते आणि तिच्या शेजारी पायाची मोठी नस. निरोगी नसेचा आडवा छेद मधाच्या पोळ्यासारखा दिसतो, आत काळे ठिपके, भोवती पांढऱ्या कडा. मधुमेहात ती पुष्कळदा फुगते, पोळं पुसट होतं. ती किती चौरस मिलिमीटर भरते ते आम्ही मोजतो. सुई नाही, विजेचे झटके नाहीत, क्ष-किरणही नाहीत.

पण नुसत्या चित्रावर निकाल देता येत नाही. चांगल्या आणि बिघडलेल्या नसांची मापं एकमेकांत मिसळतात, आणि आग जाणवते ती ज्या अगदी बारीक तंतूंमुळे, ते या पडद्यावर दिसतच नाहीत. म्हणून आधी साधी तपासणी. तळव्याला नायलॉनचा धागा तो वाकेपर्यंत टेकवतात, म्हणजे 10 ग्रॅमचा दाब पडतो. पायाच्या अंगठ्यावर 128 हर्ट्झचा थरथरणारा नादकाटा ठेवतात. डोळे मिटून "कळलं" किंवा "नाही" एवढंच सांगायचं. तिथे खोटं बोलू नका हं! शिवाय रक्तातलं बी-12 जीवनसत्त्व बघायचंय. मेटफॉर्मिन, म्हणजे साखरेचं औषध, बरीच वर्षं घेतलं की ते कमी होऊ शकतं, आणि त्यानेही पायाला मुंग्या येतात.

आई, तोवर रोज रात्री त्यांचे तळवे दिव्याखाली बघ, बोटांच्या बेचक्यांसकट. तूप चोळ हवं तर, पण गरम पाण्याची पिशवी अजिबात नको, भाजलं तरी त्यांना कळणार नाही. आणि एकादशीला विठ्ठलाच्या देवळापर्यंत अनवाणी जायचं बंद. पायरीशी चप्पल काढली तरी चालतं त्याला.

शनिवारच्या सकाळच्या एसटीने या, मी स्टँडवर थांबते. बाबांना मागे पट्टा असलेली सँडल घालून आण. औषधांच्या चिठ्ठ्या लोणच्याच्या बरणीमागे आहेत, त्या विसरू नकोस.

तुमची,
मनू