पोरांना एकमेकांना शिकवू द्या की!

महोदय,

देवगड तालुक्यात वाडीवरच्या कितीतरी शाळांचा पट वीसच्या आत आला आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे दोघांत चार-पाच वर्ग. त्यातला एक बैठकीला किंवा ऑनलाइन माहिती भरायला गेला की झालेच! अशा वेळी चौथीतली मुलगी दुसरीतल्या पोराला काजूच्या बिया मांडून हातच्याची वजाबाकी समजावते, तीही मालवणीत: 'आधी दहाची जुडी सोड, मगे काढ.' गुरुजींना विचारायला लाजणारा तो तिला तीनदा विचारतो. तिचीही उजळणी होते.

'पोरांनीच शिकवायचे तर मास्तर कशाला?' असे काही पालक कुरकुरतात. त्यांची भीती अगदीच खोटी नाही. अठराव्या शतकाअखेर मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्यांनी चालवलेली, पोरांनीच पोरांना शिकवण्याची ही पद्धत पुढे इंग्लंडात पसरली, ती बरीचशी स्वस्त पडते म्हणूनच. तेव्हा रिक्त पदे आधी भरा. पण वेळापत्रकात रोज अर्धा तास पोरांच्या या एकमेकांना शिकवण्याला द्या, जोड्या महिन्याला बदला आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी 'वर्गात गोंगाट' असा शेरा मारू नये, एवढे बघा.

– एक पालक, देवगड