आशाताई, तुम्ही मोजता त्या पूर्ण मिनिटाबद्दल

प्रिय आशाताई,

सप्रेम नमस्कार.

सोलापुरात नवजात बाळांवर उपचार करणारे आम्ही डॉक्टर आणि सिस्टर. तुम्ही घरोघरी जाऊन नवजात बाळं बघणाऱ्या आशा सेविका. बाळाला आमच्याकडे पाठवताना तुमच्या चिठ्ठीवर ‘श्वास ६६, दुसऱ्यांदा ६४, अंगावर नीट ओढत नाही’ एवढंच असतं, पण तेवढ्यानं आमचं निम्मं काम झालेलं असतं. त्याबद्दल हे आभार. नव्या आईबाबांनीही वाचावं, म्हणून जरा सविस्तर.

श्वास मोजायचा तर बाळ शांत हवं. रडल्यावर किंवा नुकतंच प्यायल्यावर आकडा फुगतो. तुम्ही झबलं वर सरकवता, पोटाकडे बघता आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजता. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर फसगत होते, कारण नवजात बाळ भराभर श्वास घेतं, मधेच पाच-सात सेकंद थांबतं, पुन्हा सुरू होतं. थांबलेला तुकडा हाती लागला की ४० येतात, पळता लागला की ७२. आकडा ६० किंवा जास्त आला तर पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही तसाच आला की दवाखाना. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ कण्हत असेल तर मोजत बसायचंच नाही, १०८ ला फोन लावायचा.

दवाखान्यात बाळंतपण झालं की तुमच्या बाळाच्या घरी सहा फेऱ्या: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांच्या काळजीचं जे काम उभं केलं, ते २०११ पासून देशभर आलं. आम्हाला विचाराल तर सगळ्यांत मोलाची तिसऱ्या दिवसाची फेरी. तेव्हा दूध उतरत असतं, वजन घटलेलं असतं, कावीळ चढायला लागलेली असते. ३ किलोचं बाळ २ किलो ८०० वर आलं तर घाबरायचं कारण नाही. दहा टक्क्यांपलीकडे घट गेली तर मात्र दाखवायचं. दोन आठवड्यांत बाळ जन्माच्या वजनावर परत यायला हवं. तुम्ही झोळी अडकवून काटा आधी शून्यावर आणता, नाहीतर झोळीचे ग्रॅम बाळाच्या नावावर जमा! पिवळेपणा पहिल्या २४ तासांतच दिसला किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर उन्हात धरून वेळ घालवायचा नाही.

आणि आपला उन्हाळा! पारा ४२च्या पुढे, घर पत्र्याचं, आणि बाळाला टोपडं, स्वेटर, दुपटं, वरून चादर. सोलापुरी चादर कितीही नावाजलेली असो, आठ दिवसांच्या बाळाला ती मे महिन्यात नको. काखेत थर्मामीटर ३७.५ च्या वर गेला आणि बाळ छान ओढत असेल, तर कपडे कमी करायचे, अंगावर पाजायचं, अर्ध्या तासानं पुन्हा बघायचं. उतरला नाही, ३८ च्या पुढे गेला किंवा बाळ मलूल पडलं, तर लगेच निघायचं. वरचं पाणी चमचाभरही नाही. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा वेळा लंगोट ओला होतोय ना, एवढं मोजलं की पुरे.

घरातल्या आजींना न दुखावता तुम्ही घुटी, मध, काजळ आणि नाळेवरची हळद थांबवता, हे आम्हाला पांढरा कोट घालूनही जमत नाही. नाळ कोरडी ठेवायची, बस्स. बंद खोलीतली कोळशाची शेगडी तुम्ही बाहेर काढायला लावता, कारण त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, कुणाला कळतही नाही. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, तर बाळाला घेण्याआधी हात साबणानं धुवा आणि तंबाखूचं सूप दुसऱ्या खोलीत ठेवा, हे तुम्ही न विसरता सांगता. बाळ उताणंच झोपवायचं, तेही.

४२व्या दिवशी निघताना दीड महिन्याच्या लसीची आठवण देता, तीही बऱ्याच घरांना फार उपयोगी पडते.

एकच मागणं आहे. चिठ्ठीवर बाळ शेवटचं किती वाजता प्यायलं, तेही लिहीत जा.

आपले,
नवजात शिशू कक्षातले डॉक्टर आणि सिस्टर
सोलापूर